घरातील संशोधक सून आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. आजवर मंडळाच्या कार्यक्रमात मी सतरंज्या अंथरल्या, चहा केला आणि भिशीचा हिशेब लिहिला. व्यासपीठावर चढायचे काम मला कोणी दिले नव्हते आणि मी मागितलेही नव्हते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमची सून पीएच.डी. करते. संशोधन करणाऱ्या मुलामुलींना पैसा कोठून मिळतो आणि पुढे कामधंदा काय मिळतो, हे तुम्ही सांगितलेत तर बायकांना कळेल. मोठ्या पाहुण्यांनी सांगितले तर टाळ्या वाजवून घरी जातील." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

दळणाला गेले की मला नेहमी एक प्रश्न विचारतात. "काय हो, तुमची सून अजून शिकतेच का? आणि शिकते तर पैसे कसे मिळतात? आणि पैसे मिळतात तर नोकरी का म्हणत नाही?" प्रश्न खोटा नाही. तीन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न माझ्या मुलाला विचारला होता. तेव्हा आधी संशोधन म्हणजे काय ते मला समजले तसे सांगते.

आमची जमीन मुळेच्या कालव्याखाली आहे. बांधाच्या कडेला वीस गुंठ्यांचा एक तुकडा आहे, तो चोपण. आपल्याकडे चोपण म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. पाऊस पडला की साबणासारखा चिखल, ऊन पडले की भेगा, आणि पेरले ते उगवत नाही. माझे सासरे म्हणत, "ती जमीन रुसली आहे." सून आली तेव्हा तिने त्याच मातीच्या चार पिशव्या भरून नेल्या. रसायनशास्त्र हा तिचा विषय. काही महिन्यांनी तिने मला ओट्यावर बसून समजावले. जमीन बरीच वर्षे भरमसाट पाण्याखाली राहिली आणि पाण्याचा निचरा झाला नाही, की मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो. मग माती पाणी पीत नाही. जिप्सम घातले की त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, सोडियमची जागा घेतो. पण मग चर काढून, चांगले पाणी देऊन तो सुटलेला सोडियम धुऊन बाहेर काढावा लागतो. नुसते जिप्सम टाकून चर काढला नाही तर पैसे वाया. आणि पांढरे मीठ फुटलेली क्षारपड जमीन वेगळी, चोपण वेगळी. दोघींना औषध एकच नाही. किती जिप्सम, कोणत्या मातीला, किती खोल, हे मोजायला मातीची परीक्षा करावी लागते. हे मोजण्याचे, पुन्हा पुन्हा मोजण्याचे आणि ते खरे ठरेपर्यंत मोजत राहण्याचे काम म्हणजे संशोधन. ते सहा महिन्यांत होत नाही. दोन पावसाळे, तीन पावसाळे लागतात. त्या काळात त्या मुलीने खायचे काय, हा प्रश्न आहे, आणि त्याचेच उत्तर म्हणजे अधिछात्रवृत्ती.

शिष्यवृत्ती शिकणाऱ्याला मिळते. संशोधन करणाऱ्याला मिळते तिला अधिछात्रवृत्ती म्हणतात. हा पगार नव्हे, कारण त्यात भविष्यनिर्वाह निधी नाही, पेन्शन नाही, मुदत संपली की बंद. आणि ही भीकही नव्हे, कारण ती परीक्षा देऊन, अर्ज करून, मुलाखतीतून मिळवावी लागते आणि दरवर्षी काम दाखवावे लागते.

सगळ्यात मोठी ती विद्यापीठ अनुदान आयोगाची. 'नेट' नावाची परीक्षा असते, तिच्यात वरचे गुण पडले की कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिचा दर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार असा केला, आणि घरभाडे वेगळे. एकूण पाच वर्षांपर्यंत ती मिळू शकते. तिला वयाची अट ३० आहे, पण मुलींना पाच वर्षांची सवलत आहे, हे लक्षात ठेवा. आपल्या राज्यातही सोयी आहेत. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. ह्या तिन्ही संस्था पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देत आल्या आहेत. ज्या घरात भाऊ-बहीण नसलेली एकुलती एक मुलगी आहे तिच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती काढली. शेतकी शाखेच्या मुलींसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या परीक्षा आहेत. आपल्या राहुरीलाच १९६८ साली महात्मा फुले कृषी विद्यापीठ झाले. तेथल्या संशोधकांनीच हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा आणि भारी जमिनीसाठी फुले वसुधा ही ज्वारीची वाणे दिली. आपण जी भाकरी थापतो तिच्यात कोणाच्या तरी अधिछात्रवृत्तीचे दिवस मळलेले आहेत, असे मला आता वाटते.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगायला जड जाते, पण ती सांगितली नाही तर आजचे बोलणे पोकळ होईल.

आमच्या घरी लग्नानंतरचे जागरण-गोंधळ राहून गेले होते. पारनेरचे, संगमनेरचे पाहुणे बोलावले, वाघ्या-मुरळी ठरवले. त्या दिवशी सकाळी सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, मला दोन तास केंद्रावर जाऊन येऊ दे. अर्जाचा आज शेवटचा दिवस आहे. एक दाखला कालच हातात आला, तो जोडायचा राहिला आहे." माझ्यापुढे पन्नास माणसांच्या पुरणाचा घाट होता. मी म्हटले, "अगं, उद्या जा. सरकारी काम, एक दिवसाने काय होते?" ती काही बोलली नाही. पुरण वाटू लागली. संध्याकाळी पाच वाजता तो अर्ज बंद झाला. मला हे पंधरा दिवसांनी मुलाकडून कळले. तिने स्वतः तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्या रात्री मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले. सदतीस हजार गुणिले बारा. चार लाख चव्वेचाळीस हजार. सातवीचे गणित मला येते. आमचे ते जागरण आम्हाला साडेचार लाखांना पडले, आणि खंडोबाने काही ते मागितले नव्हते. मागितले होते मी. पैसा एकीकडे, त्या वर्षी तिने प्रयोगशाळेची रसायने स्वतःच्या माहेरच्या पैशातून आणली आणि संध्याकाळी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. म्हणजे मातीचे काम अर्धेच झाले. पुढल्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला आणि देवाच्या दयेने निवड झाली. त्या दिवशी केंद्रावर तिच्याबरोबर मी गेले होते, डबा घेऊन.

निवड झाली म्हणजे सगळे झाले असेही नाही. पैसा दरमहा पहिल्या तारखेला येतो असे समजू नका. आमच्याकडे एकदा सात महिने आला नाही. कोणाचे चुकले, कागद कोठे अडला, त्यात मी शिरत नाही. पण सात महिन्यांत घरात जे बोलले जाते ते बोलले गेले. आमचे हे म्हणाले, "असल्या शिक्षणापेक्षा पतपेढीत चिकटली असती तर बरे." तेव्हा माझ्या दुधाच्या पैशातून मी तिचे बसभाडे आणि छपाईचा खर्च भागवला. सात महिन्यांचे एकदम आले, तेव्हा तिने पहिल्यांदा माझे पैसे परत दिले. मी नको म्हटले, तर म्हणाली, "आई, उसने ते उसने. नाहीतर पुढच्या वेळी मागायला मला तोंड राहणार नाही." ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी मी तिच्याकडे येणार आहे.

आपल्याला वाटते, हे सगळे आताचे नखरे. पण मागच्या बायकांनी हेच सोसले. दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी कमलाबाई सोहोनी. १९३३ साली मुंबईची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने होऊन त्या बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संशोधनाला गेल्या, तर संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. नोबेल पारितोषिक मिळालेला एवढा मोठा माणूस, पण तोही असे म्हणाला. कमलाबाई हटल्या नाहीत. मग एक वर्ष परीक्षेसारखे ठेवून घेतले. काम पाहून रामन यांनीच मत बदलले आणि पुढे मुलींना तेथे प्रवेश मिळू लागला. नंतर शिष्यवृत्तीच्या बळावर त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टर झाल्या. बटाट्यावर काम करून त्यांनी वनस्पतींच्या श्वसनातला एक महत्त्वाचा घटक दाखवून दिला. परत आल्यावर त्यांनी डाळी, तांदूळ आणि ताडाची नीरा यांचा कस तपासला. ती नीरा दुबळ्या, उपाशी मुलांना आणि गरोदर बायांना कशी उपयोगी पडते ते पाहिले. म्हणजे केंब्रिजला शिकलेली बाई शेवटी आपल्या चुलीपाशीच आली.

दुसऱ्या इरावतीबाई कर्वे. त्या १९२८ साली जर्मनीला गेल्या. त्यांचे सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्यांनासुद्धा सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते! पण पती दिनकरराव पाठीशी उभे राहिले, आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन त्या गेल्या. १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी केवढे काम केले. हे वाचल्यावर मला थोडा धीर आला. महर्षींना जे एकदम पटले नाही ते मला पुरण वाटताना सुचले नाही, इतकेच. पण त्यातून एक कळले. हुशारी पोरीची असते. पण वेळेवर हातात पडणारा पैसा आणि घरातून मिळणारा एक होकार ह्या दोन गोष्टी तिला दुसऱ्या कोणी तरी द्याव्या लागतात.

आणि असा दिलेला पैसा कोठे जातो? आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण सांगते. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्या संस्थेने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्याने लोकांचे काय भले झाले याची गावोगाव पाहणी केली, तिचे पुस्तक १९४८ साली निघाले. तेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर उभे राहिले आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. साताऱ्याच्या एका गृहस्थाने दिलेली देणगी फिरत फिरत आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या उसाला भाव देऊन गेली. संशोधनावर खर्च केलेला पैसा असा लांबून येतो. तो उद्याच्या उद्या वसूल होत नाही, म्हणून आपला जीव खाली-वर होतो.

आता पुढे कामधंदा काय, हे सांगते. सगळ्यांना वाटते, पीएच.डी. झाली की प्राध्यापक. त्यासाठी नेट आणि आपल्या राज्याची सेट अशा परीक्षा आहेत. ही सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. पण कायम जागा थोड्या निघतात, आणि पुष्कळ हुशार मुलेमुली तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासाला पैसे अशा बोलीवर, वर्षानुवर्षे शिकवतात. हे लपवण्यात अर्थ नाही. मुलीला आणि मुलाला हे आधीच सांगावे. पण तेवढाच एक दरवाजा नाही. मोठ्या प्राध्यापकांना प्रकल्पासाठी सरकारी पैसा मिळतो, त्यात प्रकल्प सहायकाच्या जागा असतात. त्यासाठी २०२३ च्या कायद्याने दिल्लीला अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन नावाची संस्था झाली आहे. डॉक्टरेटनंतरच्या संशोधनालाही अधिछात्रवृत्त्या आहेत. शेतकी शाखेला कृषी शास्त्रज्ञांची वेगळी परीक्षा आहे. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा, बियाणांच्या आणि औषधांच्या कंपन्या, साखर कारखाने, सगळीकडे अशा माणसांची गरज असते.

आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. लग्न, बाळंतपण, म्हातारी माणसे यांच्यामुळे ज्या मुलींचे संशोधन मध्येच सुटले, त्यांना पुन्हा उभे करण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाईज-किरण नावाची योजना आहे. त्यात कोणी पुन्हा पीएच.डी. करते, कोणी पेटंटचे, म्हणजे शोधाच्या हक्कपत्राचे, काम शिकते. प्रयोगशाळा गाठणे ज्यांना जमत नाही त्यांना हे दुसरे काम सोयीचे. तसेच पीएच.डी. करताना बाळंतपण आले तर एकूण २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि प्रबंध पुरा करायला सहा वर्षांवर मुलींना आणखी दोन वर्षे देता येतात. आमचा नातू झाला तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. मी मनात म्हटले होते, संपले आता हिचे. ती मात्र रजेचा अर्ज लिहूनच माहेरी गेली.

दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगते, कारण त्या कोणी सांगत नाही. पहिली, लग्न झाल्या झाल्या सुनेचे नाव सगळ्या कागदांवर बदलण्याची घाई करू नका. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे आणि बँकेत तिसरेच, असे झाले की अर्ज अडतो. बदलायचेच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातील नोंद जपून ठेवा. दुसरी, जातीचा दाखला, जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, अधिवास हे कागद जाहिरात निघण्याआधीच काढून ठेवा. जातीचा दाखला वडिलांकडचा लागतो, म्हणून लग्नात पाटल्या-बांगड्यांबरोबर ती कागदांची पिशवीही मुलीबरोबर पाठवा. तिची किंमत कमी नाही.

आता मी सांगितलेल्या त्या उसन्या पैशांकडे येते. मंडळाच्या भिशीचा हिशेब मी लिहिते, म्हणून मला माहीत आहे की आपल्याकडे दरवर्षी थोडी शिल्लक राहते. गेल्या साली तिची भांडी घेतली, त्याआधी सहल काढली. ते चांगलेच. पण माझी आज मंडळापुढे सूचना आहे, आणि पुढल्या बैठकीत तिच्यावर हात वर करून मत घ्यावे, अशी विनंती आहे. शिल्लकीतून एक लहान निधी बाजूला ठेवावा. आपल्या सभासदांच्या ज्या मुलीची किंवा सुनेची अधिछात्रवृत्ती मंजूर आहे पण अडकली आहे, तिला त्यातून बिनव्याजी उसने द्यावे. पैसा आला की तिने फेडावे. दान नको, उसनेच हवे. म्हणजे तिला मागताना लाज वाटणार नाही. माझ्या सुनेनेच मला ते शिकवले. पहिले पाच हजार मी माझ्या दुधाच्या पैशातून देते.

दुसरे, दारातल्या फळ्यावर आपण आरतीची वेळ लिहितो, तेथेच एका कोपऱ्यात अर्जांच्या शेवटच्या तारखा लिहाव्यात. लिहून आणायचे काम माझी सून करील, फळ्यावर उतरवायचे काम मी करीन. माझे अक्षर बरे आहे. आणि ज्या घरात अर्जाचा किंवा परीक्षेचा दिवस असेल त्या घरी शेजारणीने तेवढा दिवस लेकरू सांभाळावे, पोळ्या लाटून द्याव्यात. यात काही मोठा खर्च नाही.

सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी आपल्याच नगरला मिस फरारबाईंकडे शिकल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आज आपल्या जिल्ह्याचे नावही एका कर्त्या बाईचे, अहिल्यादेवींचे आहे. त्यांची नावे घेऊन आपण हार घालतो. पण आपल्या घरात कोणी शिकायला निघाली की आपणच तिला पुरणाला बसवतो. मी बसवले, म्हणून सांगते.

आमच्या त्या वीस गुंठ्यांत गेल्या साली जिप्सम टाकले, सुनेच्या सांगण्याने चर काढला, आणि पावसाळ्यात ताग पेरून गाडला. ह्या रब्बीत तेथे गहू आला आहे. फार नाही, विरळच आहे. काही ठिकाणी अजून पांढरे दिसते. सून म्हणते, "आई, अजून दोन वर्षे लागतील." मी आता "उद्या जा" म्हणत नाही आणि "लवकर कर" असेही म्हणत नाही.

 माझी सूचना विसरू नका.